अडकित्त्याने फोडलेली गोळी

ती घटना आजही आठवते, आणि ती आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. ग्लासभर कोमट पाणी समोर आलं तरी पुरतं. निवृत्तीनंतर मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. नवी पट्टी आणली की तिच्यातली एक गोळी मी आधी ग्लासात टाकतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. आमच्या डॉक्टरांनी दोनदा समजावलं की अशी घरगुती परीक्षा सगळ्या गोळ्यांना चालत नाही, काही गोळ्या मुद्दामच सावकाश विरघळतील अशा बनवलेल्या असतात. बायको म्हणते, "पोलीस खातं सुटलं, पण संशय काही सुटला नाही." दोघांचंही बरोबर आहे. मी ऐकून घेतो आणि पुढच्या पट्टीला पुन्हा तेच करतो.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी दौंड तालुक्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. ठाण्याचं नाव आणि माणसांची नावं देत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून तिथेच राहतात. हद्द मोठी आणि जीप एकच. तीही उतारावर लावून ठेवायची, कारण धक्का दिल्याशिवाय ती सुरू होत नसे. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग हायवेवरचे अपघात आणि बांधावरची भांडणं, असा आमचा दिवस जायचा.

वैशाखात एका सकाळी अकस्मात मृत्यूची खबर आली. पस्तिशीतला एक शेतकरी कालव्याच्या चारीत पालथा पडलेला सापडला होता. चारीत पाणी गुडघाभर. एवढ्या पाण्यात माणूस बुडतो का, असं लोक विचारतात. शुद्ध गेलेली असेल तर वीतभर पाणीही पुरतं. या माणसाला लहानपणापासून फिट यायच्या. गेली पाच वर्षं औषध नेमानं चालू होतं आणि पाच वर्षांत त्याला एकही फिट आली नव्हती. मग त्या उन्हाळ्यात महिन्याभरात दोन आल्या, आणि तिसरी चारीच्या कडेला. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, रजिस्टरला नोंद घेतली. अंगावर मारहाणीची खूण नाही, घरच्यांचा कुणावर संशय नाही. कागद बंद करायच्या बेतात होतो.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मयताचा बाप ठाण्यात आला. सत्तरीचा गडी, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. त्यांचं घराणं मूळचं मेंढपाळांचं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं पायी हिंडण्यात गेलेलं. कालव्याचं पाणी शेतात आल्यावर मेंढरं विकून ते एका जागी बसले. गाव त्यांना आबा म्हणायचं. मी बाकाकडे हात केला, पण ते बसले नाहीत.

"साहेब, माझा ल्योक पाण्यानं न्हाई मेला," आबा म्हणाले. "सुनंनं मारला त्याला."

"कशावरून म्हणता, आबा?"

"दुसरी फिट आली तवा पुण्याला न्हेला हुता. तितल्या डाक्टरनं रगत तपासलं. माझ्याम्होरं म्हणला, रक्तात औषध न्हाई म्हणावं इतकं कमी हाय, गोळ्या देता का न्हाई? आता गोळ्या द्यायचं काम तिचं. फिटवाल्या दाल्ल्याला विटली आसंल. तवाधरनं मी तिच्या हातचं पाणीबी घेत न्हाई. माझी भाकर मीच थापतो."

त्यांनी पटक्याच्या घडीतून डॉक्टरांचा कागद काढून टेबलावर ठेवला. मी पुण्याला फोन लावला. डॉक्टर स्पष्ट बोलले. औषध रोज घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते एवढं कमी नसतं, म्हणून त्यांनी मात्रा तीच ठेवून न चुकता द्यायला सांगितलं होतं. फोन ठेवला तेव्हा आबांचा संशय निम्मा माझाही झाला होता.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन वस्तीवर गेलो. हे हवालदार माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेली. घर नवं होतं. होळीच्या सुमाराला जुनं मातीचं घर सोडून ही मंडळी शेतात विटांच्या, पत्र्याच्या घरात राहायला आली होती. आत इतकं तापलं होतं की दोन मिनिटांत सदरा अंगाला चिकटला. सून सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पदराआड चार वर्षांची मुलगी. मी नवऱ्याच्या गोळ्या मागितल्या. ती आत गेली आणि एक कापडी चंची घेऊन आली, पानसुपारीची असते तसली. आत पांढऱ्या सुट्या गोळ्या होत्या. चंची हाताला थोडी दमट लागली. तिचे हात ओले असतील असं मला वाटलं. दोन पंच बोलावले, गोळ्या मोजल्या, तीन भागांत सील केल्या. पंचनाम्यात मी स्वतः लिहिलं, 'सदर गोळ्या मयताच्या पत्नीने घरातून काढून दिल्या.' हे वाक्य ध्यानात ठेवा. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात आळशी वाक्य.

मग तिचा जबाब घेतला. बायकांना ठाण्यात बोलवू नये, त्यांच्या घरी जाऊन विचारावं, असा नियम आहे. आम्ही तो वाकवायचो. तिला दुपारी ठाण्यात बोलावलं, दौंडहून महिला शिपाई मागवून घेतली आणि खुर्ची दिली, एवढीच माझी सभ्यता. ती खुर्चीच्या कडेला बसली. रडली नाही. ती रडली नाही म्हणून मला तिचा संशय आला, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

"गोळ्या कोण द्यायचं?"

"मीच की. लगीन झाल्यापास्नं. दीड सकाळी, दीड जेवणाआधी."

"रोज?"

"एक दिस न्हाई चुकला."

"कुणी पाहिलंय का देताना?"

ती पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "नवऱ्याला गोळी देताना साक्षीला कोण बसवतंय, साहेब?"

मी विषय बदलला. गोळ्यांत अलीकडे काही फरक वाटला का, एवढं विचारलं. तिनं जरा आठवून सांगितलं, "पयल्यांदा जिभंवर ठिवली की लगीच कडू लागायची. त्वांड वाकडं करायचे. ह्या दोन म्हैन्यांत कडू लागंना झाली. म्हणायचे, सरकारनं गोळी सुदारली बघ."

ते मी लिहून घेतलं. कडू गोळी अचानक कडू लागेनाशी होते, तेव्हा पोलिसाच्या डोक्यात एकच शब्द येतो. बनावट.

त्याच आठवड्यात हवालदारांच्या खबऱ्याचा निरोप आला. ज्या सरकारी दवाखान्यातून या गोळ्या यायच्या, तिथला कंपाउंडर चांगल्या गोळ्या बाहेर विकतो आणि बरणीत खडूच्या गोळ्या भरतो, अशी खबर. कडूपणाचा धागा आणि ही खबर एकमेकांना इतकी चपखल बसली की मी त्या दिवशी दुपारचं जेवण विसरलो. इतकं चपखल काही बसलं की सावध व्हावं, हे कळायचं माझं तेव्हा वय नव्हतं.

कंपाउंडरला आणलं. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. घाबरला होता, पण अपराधी माणूस घाबरतो तसा नव्हे. अपराधी माणूस तुम्हाला किती ठाऊक आहे याचा अंदाज घेत बोलतो. हा उलट आम्ही न विचारलेलंही सांगत सुटला. सुट्या गोळ्या मोठ्या बरणीतून महिन्याच्या मापानं कागदाच्या पुडीत द्यायची पद्धत, रजिस्टर कसं ठेवतात, बरणी कधी उघडली, सगळं.

"देताना पेशंटला काय सांगता?" मी विचारलं.

"सांगतो ना साहेब, वेळेवर घ्या, उन्हात ठेवू नका, थंड जागी ठेवा. सगळ्यांना सांगतो."

औषध निरीक्षकांना बोलावून बरणीतला नमुना घेतला आणि तो, घरातल्या गोळ्यांच्या एका भागासह, सरकारी प्रयोगशाळेला पाठवला. खबऱ्याला पुन्हा खोदून विचारलं तेव्हा कळलं की कंपाउंडरनं त्याच्या मेव्हण्याला रांगेत पुढे घेतलं नव्हतं, त्याचा हा राग होता. हवालदारांनी त्याला चार शब्द सुनावले. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

दीड महिन्यानं अहवाल आला. बरणीतली गोळी अस्सल. घरातली गोळीही अस्सल. दोन्हींत औषध पुरेपूर, लेबलावर जेवढं लिहिलंय तेवढं. हाच अहवाल त्या बाईच्या गळ्याशी आला. औषध खरं आणि रक्तात ते नाही, तर मधे एकच जागा उरते. देणारा हात. आमच्या निरीक्षकांनी कागद वाचले आणि म्हणाले, "आता कसली वाट बघताय? म्हाताऱ्याचा पुरवणी जबाब घ्या आणि गुन्हा दाखल करा. उद्या सकाळी बाईला अटक." कलम खुनाचं लागणार होतं. चार वर्षांच्या पोरीचं काय करायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

मी आबांना बोलावलं. या वेळी ते बाकावर बसले. मी विचारत होतो, लिहीत होतो. मधेच त्यांनी कनवटीची सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. सुपारी फुटेना. दुसऱ्यांदा दाबली तेव्हा तिचा चुराच झाला. आबा वैतागले.

"धार गेली ह्येची. तिनं त्या गोळ्या फोडून फोडून घालवली."

माझं पेन थांबलं. "कसल्या गोळ्या, आबा?"

"त्याच्याच की. दीड गोळी द्यायची आसती न्हवं? अर्धी करायला रोज अडकित्ता मागायची. सकाळी एकदा, सांजंला एकदा."

"रोज?"

"रोज. मी म्हणायचो, सुपारीचा अडकित्ता हाय बाई ह्यो, दगडं फोडायला न्हाई."

बोलून गेल्यावरही त्यांना कळलं नाही की आपण काय बोललो. शेजारी बसलेले हवालदार टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. जी बाई गोळ्या द्यायचीच नाही, ती दिवसातून दोनदा सासऱ्याकडे अडकित्ता मागायला कशाला जाईल?

मी तसं आबांना म्हणालो. त्यांचा चेहरा घट्ट झाला. "फोडायची. पन दिली का चुलीत टाकली, त्ये द्येव जाणं."

ते गेल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, माझी बायको साखरेची गोळी अर्धी करती ती नखानं. मधे रेघ असती त्याच्यासाठीच. अडकित्ता कशाला लागावा?"

आपल्याला हा प्रश्न दीड महिना का पडला नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मुद्देमालाच्या खोलीत घरातल्या गोळ्यांचा एक भाग सीलबंद पडून होता. पंचांना बोलावून सील उघडलं. कंपाउंडरकडून बरणीतल्या सहा गोळ्या पावतीवर मागवल्या. दोन्हींतली एकेक शेजारी ठेवली. रंग तोच, छाप तोच, रेघ तीच. बरणीतली गोळी मी अंगठ्यांनी दाबली तर टक्कन दोन तुकडे झाले. घरातली दाबली तर माझं नख दुखलं. मग चहाचा पोऱ्या नसल्यामुळे समोरच्या हॉटेलातून मीच कोमट पाण्याचे दोन ग्लास आणले आणि एकेक गोळी सोडली. पहिली फुगली, चिरली आणि बघता बघता तळाशी पांढरा गाळ झाला. दुसरी जशीच्या तशी. चहा आला, चहा संपला, मी एका भांडणाची तक्रार लिहून घेतली. परत बघितलं तर ती ग्लासाच्या तळाशी गारगोटीसारखी बसलेली. वरचा छापसुद्धा वाचता येत होता.

निरीक्षकांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली. ते नाराज झाले, पण दिली.

हवालदारांची एक पुतणी शिरूर तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला होती. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे आम्ही एस.टी.नं शिरूरला गेलो, कारण जीप त्या दिवशी धक्क्यालाही दाद देत नव्हती. मुलगी हुशार आणि स्पष्ट बोलणारी. तिनं तिच्या साहेबांची परवानगी काढली आणि मला बजावलं, "काका म्हणाले म्हणून करते. पण हे कोर्टात चालणार नाही. तुम्हाला दिशा मिळेल, एवढंच."

तिथे मी ते यंत्र पाहिलं. कोमट पाण्याच्या टाकीत सहा काचेची भांडी, तळ गोल. प्रत्येकात वरून एक दांडा आणि त्याला वल्ह्यासारखं पातं, ठरावीक वेगानं फिरणारं.

"पाणी अंगाच्या उबेएवढं कोमट ठेवायचं," ती सांगत होती. "हे आमचं पोट समजा. या औषधाला पाणी मुळातच आवडत नाही, म्हणून त्यात थोडं साबणासारखं द्रव्य घालावं लागतं. मग दर थोड्या वेळानं पाणी काढून मोजायचं, किती औषध उतरलं ते."

तीन भांड्यांत बरणीतल्या गोळ्या, तीन भांड्यांत घरातल्या. मी तासभर त्या काचांसमोर उभा होतो. बरणीतलं औषध जवळजवळ सगळं पाण्यात उतरलं. घरातल्या गोळ्या पात्याखाली तशाच बसून होत्या, आणि पाण्यात आलेलं औषध चौथ्या हिश्शाएवढंही नव्हतं.

"पण सरकारी प्रयोगशाळा तर म्हणते औषध पुरेपूर आहे," मी म्हणालो.

"बरोबरच म्हणते. तुम्ही त्यांना विचारलं, गोळीत औषध किती? त्यांनी गोळी कुटली, स्पिरिटसारख्या द्रवात सगळं औषध बाहेर काढलं आणि मोजलं. पोटात कुणी गोळी कुटत नाही, साहेब. गोळीत किती आहे हा एक प्रश्न, आणि त्यातलं पाण्यात किती उतरतं, किती वेळात, हा दुसरा. जे उतरलंच नाही ते रक्तात जात नाही. आलं तसं पोटातून बाहेर."

आता मला कडूपणाचाही उलगडा झाला. जिभेवर विरघळेल तेव्हा कडू लागेल ना!

"पण अशी झाली कशी ही गोळी?"

"ओल. या औषधाला ओल लागली की ते पाणी धरून ठेवतं आणि आतल्या आत घट्ट होतं. सिमेंटच्या पोत्याला दमट हवा लागली की पोतं दगड होतं ना, तसं. वरून काही कळत नाही. कुठे ठेवल्या होत्या या?"

"घरात."

"घरात कुठे?"

माझ्या पंचनाम्यात ते नव्हतं. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागले, माझी लाज राखायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवर गेलो. आबा दारातल्या बाजेवर बसले होते. सून अंगण झाडत होती. पोलीस दिसताच तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि मुलीला जवळ ओढलं. आज आपल्याला न्यायला आलेत, असंच तिला वाटलं असणार.

"ताई," मी म्हणालो, "एकच विचारायचंय. गोळ्या कुठं ठेवायचात तुम्ही?"

"थंड जागी की. कंपाउंडरनं सांगितलं हुतं. पत्र्याखाली लई तापतंय, म्हणून…" आणि ती आत घेऊन गेली.

कोपऱ्यात मातीचा मोठा रांजण होता, वाळूच्या ओट्यावर रोवलेला. रांजण पाझरतो, खालची वाळू कायम ओली. तिनं हातानं वाळू बाजूला केली. आत एक मातीचं बोळकं पुरलेलं होतं, वर फडक्याचा तुकडा. त्यात चंची ठेवायची. गोळीला पाण्याचा थेंब लागत नव्हता. मी बोळक्यात बोट घातलं. आत गारवा होता, आणि बोट दमट होऊन बाहेर आलं. त्या तापलेल्या घरातली तेवढीच एक थंड जागा, आणि ती तिनं नवऱ्याच्या औषधाला दिली होती.

मी दोघांनाही बसवलं आणि शिरूरला जे पाहिलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. तिच्यावरचा आळ जाणार होता, पण त्यासाठी तिला हे ऐकवणं भाग होतं.

तिनं उकरलेली वाळू हातानं सारखी केली. मग म्हणाली, "म्हंजी मी देत हुते… आन् त्येंला त्या लागतच नव्हत्या?"

"हो, ताई. तुमचा एक दिवसही चुकला नव्हता. ते आता मी लिहून देईन."

तेव्हा ती रडली. दीड महिन्याचं सगळं एकदम. मुलगी तिच्या मांडीत शिरून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ती शांत झाल्यावर मी जबाबासाठी विचारलं, "इथं वाळूत ठेवायचं कुणी सुचवलं?"

तिनं दारातल्या आबांकडे पाहिलं. क्षणभरच. "कुनी न्हाई," ती म्हणाली. "मीच ठिवल्या."

मी तसं लिहिलं. आबा बाजेची कड धरून बसून राहिले. मला त्यांचा राग आला. एवढं सगळं ऐकून म्हाताऱ्यानं एक शब्द टाकू नये, असं मनात म्हणत मी वस्तीवरून निघालो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आबा ठाण्यात हजर. हजेरी अजून चालू होती. घोंगडीच्या खोळीतून त्यांनी ते बोळकं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला वाळू चिकटलेली होती.

"काल तिनं खोटं सांगितलं, साहेब. ल्हिवा आता खरं."

"काय खरं, आबा?"

"वाळूत ठिव म्हणून मी सांगितलं तिला. बोळकंबी मीच पुरलं." ते थोडं थांबले. "मेंढरामागं असताना ढोराचा डाक्टर लशीची बाटली द्यायचा. म्हणायचा, गार ठिवा, न्हाईतर वाया जाईल. रानात कुठला आलाय फ्रिज? आम्ही मडक्याखाली वल्या वाळूत पुरायचो. जिथं मुक्काम तिथं पयलं त्येच काम. लस कवा वाया गेली न्हाई. मला वाटलं, औषध म्हंजी औषध. ह्या वाळूनं माझी मेंढरं जगवली, साहेब."

लशीची बाटली बुचाची, तिच्यात ओल शिरत नाही, आणि गोळी उघडी. फरक एवढाच होता. तो फरक मलाही चार दिवसांपूर्वी ठाऊक नव्हता, तर त्यांना कुठून ठाऊक असणार?

"तिनं माझं नाव न्हाई घेतलं," आबा म्हणाले. "मी तिला फासावर द्याया निघालो हुतो, आन् तिनं माझं नाव न्हाई घेतलं. आता सांगा, मला कंचं कलम लागतंय?"

"कुठलंच नाही, आबा. घरात औषधाला थंड जागा शोधणं हा गुन्हा नाही. तुमचाही नाही, तिचाही नाही."

हे ऐकून त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट ते आणखीच खचले. "लावा की कायतरी," ते म्हणाले. मी छत्तीस वर्षं नोकरी केली. कलम लावू नका म्हणून हातापाया पडणारे शेकड्यांनी पाहिले. लावा म्हणून विनवणारा हा एकच.

मी त्यांचा जबाब त्यांच्या शब्दांत लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग म्हणालो, "आता घरी जा, आणि आज भाकरी थापू नका. तिच्या हातची मागून घ्या." ते उठले. बोळकं टेबलावरच राहिलं.

पुढे सरकारी प्रयोगशाळेला मी दुसरा प्रश्न रीतसर विचारला आणि त्यांनी त्याचं रीतसर उत्तर दिलं, पुतणीनं सांगितलं होतं तेच. अकस्मात मृत्यूचा कागद अपघात म्हणून बंद झाला. कंपाउंडर त्यानंतर 'थंड जागी' म्हणायचं सोडून 'थंड आणि कोरड्या जागी' म्हणू लागला, आणि 'कोरड्या'वर इतका जोर द्यायचा की पेशंट दचकत. मी स्वतः त्यानंतर एकाही पंचनाम्यात 'घरातून काढून दिले' असं लिहिलं नाही. घरात कुठून, कशातून, ओलं का कोरडं, वर काय, खाली काय. हाताखालची पोरं कंटाळायची. मी त्यांना सांगायचो की मी एकदा पुरेपूर खरा अहवाल हातात घेऊन एका निर्दोष बाईला अटक करायला निघालो होतो. अहवाल खोटा नव्हता. आम्ही विचारलेला प्रश्न अर्धा होता.

चार-पाच वर्षांनी माझी बदली शिरूरला झाली. तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजाराला बंदोबस्तासाठी गेलो होतो. लिंबाखाली तिघं भाकरी खायला बसलेली दिसली. आबा फारच थकले होते, पण लाल पटका तोच. मुलगी शाळेच्या वयाची झाली होती, फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन बसली होती. सुनेनं मला ओळखलं, उठून पदर सावरला आणि बसायला पोतं टाकलं.

"आबांना काय, रक्तदाब का?" मी तिच्या हातातली डबी बघून विचारलं. प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची.

"व्हय. अर्धी गोळी सकाळी, अर्धी दुपारी." तिनं गोळी काढली, रेघेवर नख टेकवलं. टक्कन दोन तुकडे झाले. तो आवाज ऐकून ती जराशी थांबली, आणि मगच एक तुकडा डबीत परत टाकला.

आबांच्या मांडीवर तो जुना अडकित्ता होता. त्यांनी तळहात पुढे केला. तिनं त्यावर अर्धी गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या दिला. आबा माझ्याशी पावसापाण्याचं बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी ती तोंडात टाकली आणि वरून पाणी प्याले. हातात काय ठेवलंय, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.